डाव्या डोळ्याचा उन्हाळा

चैत्र लागला की सकाळी उठल्यावर माझा पहिला प्रयोग होतो. उजव्या डोळ्यावर तळहात, मान जरा वर, आणि डाव्या डोळ्याने समोरच्या कॅलेंडरातला रविवार शोधायचा. कॅलेंडरात रविवार लाल असतो, निदान जगाच्या दृष्टीने. माझ्या डाव्या डोळ्याला तो थंडीत लाल दिसतो, होळीनंतर विटकरी होतो आणि ऊन चांगलं तापलं की सोमवारासारखाच दिसतो. म्हणजे उन्हाळ्यात मला आठवड्याची सुट्टीसुद्धा नाही.

यंदा रविवार लवकरच विटकरी झाला. बाहेर धुळीच्या भिंगऱ्या रस्त्यावर फिरू लागल्यात, दुपारी कावळासुद्धा चोच उघडी टाकून बसतो, आणि वर्तमानपत्रात भुसावळ पुढे की जळगाव, अशी शर्यत सुरू झाली आहे. आम्हा खानदेशी माणसांना या उन्हाचा फार अभिमान. पुण्याचा पाहुणा घाम पुसू लागला की आमचा चेहरा असा फुलतो, जणू हे ऊन आमच्या आजोबांनी लावलेलं झाड आहे. मीही पाहुण्यांना हसते. हसता हसता सावलीची जागा शोधते. लोकांकडे भीती पाहुण्यासारखी येते. माझ्याकडे माहेरवाशिणीसारखी येते: दर आखाजीला, हक्काने, राहायच्या तयारीने.

आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. ऐन वैशाखात आमच्याकडे लेकी माहेरी येतात, निंबाला झोके टांगतात, आमरस आणि खापरावरचे मांडे खातात. सासरी वर्षभर गिळलेलं सगळं झोक्यावर गाऊन टाकतात. एवढ्या उन्हात एवढा आनंद करायची कल्पना कुणाला सुचली असेल ती असो. पण माझ्या आयुष्यातली एक आखाजी मला अजून झोक्यावरून खाली उतरू देत नाही.

नव्वदीची मधली वर्षं होती. माझं सासर सोनगीरचं, धुळ्याच्या पुढे, किल्ल्याच्या पायथ्याशी. माहेर जळगावच्या पलीकडे, केळीच्या पट्ट्यात. सासर कोरडं, माहेर ओलं. 'आहे'ला सासरी 'शे', माहेरी 'हाये'. मला दोन्ही बोल्या येत, आणि त्याहून वाईट म्हणजे दोन्हीकडच्या माणसांच्या नकला येत. गल्लीतल्या बाया पापड लाटताना मला मध्ये बसवत आणि एकेकीचं चालणं, शिंकणं, भाव करणं माझ्याकडून वठवून घेत. माझ्या सासूबाई, अक्का, या नकलांच्या सगळ्यात मोठ्या दर्दी. त्या तोंडाने कधी हसत नसत. चेहरा दगडाचा ठेवून बसत, पण त्यांचे खांदे हलत. खांदे हलले की समजायचं, प्रयोग रंगला.

अक्कांचं कुंकू रुपयाएवढं. रोज सकाळी मेण लावून, वर कुंकू दाबून, बोटाने कड नीट करून लावलेलं. घाम आला तरी ते ओघळत नसे. घरात घड्याळ होतं, पण दिवस सुरू झाला हे आम्हाला अक्कांच्या कपाळावरून कळे.

त्या वर्षी बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, घालायच्या दिवशी ज्वारीचा घाटा शिजवायची पाळी माझी होती. उन्हं वर यायच्या आत घाटा व्हावा लागतो, म्हणून चूल भडभडून पेटवलेली. मोठ्या पातेल्यात मी लाकडी दांडा फिरवत होते, धूर उजव्या डोळ्यात गेला, मी तो पदराने दाबून धरला आणि समोर पाहिलं. समोर अक्का बसल्या होत्या. त्यांचं कपाळ रिकामं होतं.

मी पदर काढला. कुंकू होतं. पुन्हा उजवा डोळा झाकला. कुंकवाच्या जागी मातकट डाग, कातडीच्या रंगात मिसळलेला. ओट्यावर आमचे आबा, म्हणजे माझे सासरे, दम्याने खोकत होते. एकेक खोकला माझ्या पाठीत बसत होता.

आता सांगा, हे कुणाला सांगायचं? अक्का, एका डोळ्याने तुम्ही मला विधवा दिसता, असं सासूला सांगितलेली सून मी तरी ऐकलेली नाही. मी बी. ए. झालेली. डोळ्याचं काहीतरी बिघडलंय एवढं कळायला बी. ए. पुरे होतं. पण आबांचा खोकला ऐकू आला की बी. ए. गळून पडायचं. दुपारी, चुलीपुढे, उन्हातून आले की कुंकू जायचं. संध्याकाळी अंगणात पाणी मारलं, वारा सुटला, की परत यायचं. माझ्या मनाने याचा एकच अर्थ लावला. दिवसातून एकदा माझा डावा डोळा पुढे जाऊन येतो, आणि जे होणार आहे ते पाहून येतो.

तोंड शिवून मी आबांची सेवा सुरू केली. आल्याचा काढा, छातीला तेल, पोळीवर तूप. अक्का काही दिवस पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "सासराले एवढं तूप? मना डोकाले तेल कोन लाई मंग?" ओट्यावर बसलेल्या बाया हसल्या. मीही हसले, आणि हसताना डावा डोळा मिटून घेतला.

मग पाय गेले. एकदम नाही. आधी तळव्यांखालची फरशी मऊ झाली. आमच्या भागात कापसाच्या ढिगावर उड्या मारत सगळेच मोठे होतात, ती मऊ, खचणारी जमीन पायांना ओळखीची. पण घरातल्या शहाबादीवर कापूस कुठून येणार? एका दुपारी भरला हंडा घेऊन मी त्या कापसात खचले. हंडा ओसरीभर घरंगळला. सगळे धावले, आणि मला पाहून थांबले. कारण त्याच महिन्यात शेजारच्या काकूंची चक्कर येऊन पडण्याची नक्कल मी करून दाखवली होती, आणि ती फार गाजली होती.

"मायेरनी वाट दिसनी का तुना पाय दुखतस," अक्का म्हणाल्या. आखाजी तोंडावर आली होती ना.

एक गंमत सांगते. त्यांनी नाटक म्हटलं तेव्हा मला बरं वाटलं. सगळं घर नाटक म्हणतंय तोवर ते नाटक असू शकत होतं. मीच पडदा टाकायचा, उठायचं, चालू लागायचं. खरी भीती होती ती कुणीतरी विश्वास ठेवील याची.

ती पाळी आमच्या ह्यांनी आणली. नवरा गरीब स्वभावाचा, त्याने विश्वास ठेवला आणि मला धुळ्याला एका माणसाकडे नेलं. गल्लीतली खोली, पत्र्याचं छत, बाहेर बाकावर डोकी धरून बसलेली माणसं. आत एक लाकडी खुर्ची आणि टेबलावर रेडिओसारखी पेटी. पेटीला दोन वायरी, वायरींना ओल्या पट्ट्या. मेंदू सुस्त झालाय, त्याला जागं करावं लागेल, असं तो माणूस दूधवाल्याच्या थाटात म्हणाला. पट्ट्या माझ्या कानशिलांवर बांधल्या. मी ह्यांच्याकडे पाहिलं, ते खिडकीकडे पाहत होते.

त्याने बटण फिरवलं. दातांत मुंग्या आल्या. डोळ्यांमागे पांढरे काजवे. पत्र्याच्या उष्णतेने डाव्या डोळ्यापुढे आधीच राख पसरलेली, त्या राखेत काजवे. वाटलं, आता हा माणूस माझ्या डोक्यात शिरेल आणि तिथे लपवून ठेवलेलं ते रिकामं कपाळ त्याला सापडेल. फरक वाटतो का, त्याने विचारलं. मी नाही म्हटलं असतं तर त्याने बटण आणखी फिरवलं असतं. मग मी आयुष्यातला सर्वोत्तम प्रयोग केला. डोळे विस्फारले, पाय झटकले, खुर्चीतून उठले आणि दारापर्यंत ताठ चालत गेले. बाहेरच्या बाकावरची माणसं उभी राहिली. एका म्हाताऱ्याने हात जोडले. त्यांपैकी कितीजण माझ्यामुळे त्या खुर्चीत बसले असतील, देव जाणे.

हल्ली दर काही दिवसांनी रेणूचा, माझ्या लेकीचा, फोन येतो तेव्हा मला ती खुर्ची दिसते. रेणू पुण्याला असते, आईच्या आजाराबद्दल रात्रंदिवस वाचते. म्हणते, आई, आता आपल्याच रक्तातल्या मूळ पेशी काढून ठेवतात. मग कडक औषधं देऊन शरीराचं आपल्याच नसांवर उठलेलं, बिथरलेलं सैन्य मोडून काढतात, आणि पेशी परत सोडतात, नवं सैन्य उभं राहावं म्हणून. मी म्हटलं, मग उद्या येऊ? तर म्हणते, तुझं वय गेलं, तुझा आजारही आता संथ झालाय. तो उपचार तरण्या, आजार उसळी मारतोय अशा माणसांसाठी, आणि त्यातही धोका असतोच. तुझ्यासाठी डोक्यावर चुंबकाचं वेटोळं धरतात ते पाहू. पायांची ताठरता थोडी सुटली तर सुटली, वचन कुणी देत नाही. आणि हो, कुणी सुईतून मूळ पेशी टोचून बरं करतो म्हणाला तर त्याच्या दारात पाऊल ठेवू नकोस. मी म्हटलं, पाऊल ठेवता आलं तर ना. तिला हसू आलं नाही. तिच्या पिढीला आईच्या विनोदातली भीती लगेच ऐकू येते. आमच्या पिढीला विनोदसुद्धा उशिरा ऐकू यायचा.

तर, मी बरी झाले असं जाहीर झालं आणि आखाजीला वडील मला न्यायला आले. आम्ही त्यांना नाना म्हणत असू. केळीच्या चिकाचे काळे डाग पडलेलं धोतर, हातात पिशवी, अंगात घाई. धुळ्याच्या स्टँडवर मी सवयीने उजवा डोळा झाकला. एसटीच्या साऱ्या गाड्या राखाडी. महामंडळाने माझ्यासाठी नवा रंग काढला होता. त्या राखाडी डब्यात, भर दुपारी, खिडकीला चिकटून आम्ही निघालो. पारोळ्यापर्यंत मी नानांना सासरच्या नकला करून दाखवत होते. एरंडोल आलं, पद्मालयाच्या गणपतीच्या दिशेने नानांनी हात जोडले, आणि डाव्या डोळ्याला नाना दिसेनात. आवाज होता, माणूस नव्हता. जळगावला सगळे उतरले. मला पाय सापडेनात.

"काय व मंदे, पाय कोठे गेले तुह्ये?" नाना आधी हसतच म्हणाले. मग त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. मला लहानपणापासून त्यांच्याइतकं कुणी ओळखत नव्हतं. माझी नक्कल कुठे संपते ते त्यांना ठाऊक होतं. पिशवी तिथेच टाकून त्यांनी मला केळीच्या घडासारखं खांद्यावर घेतलं आणि त्या उन्हात, त्या गर्दीत, ते नुसते उभे राहिले. कुठे जायचं ते त्यांना कळत नव्हतं. त्यांचं हृदय माझ्या पोटाला धडधडत लागत होतं. तेव्हा मला पहिल्यांदा खरोखर कळलं, की हे नाटक नाही.

घरी आमच्या आत्याने, नानांच्या विधवा बहिणीने, प्रेमाचा कळस केला. पायांत वात धरलाय म्हणून विटा तापवल्या, फडक्यात गुंडाळल्या, एरंडाची पानं गरम केली आणि मला शेकून काढलं. जितका शेक, तितकी मी विझत गेले. उजवा डोळाही धुरकटला. जीभ जड झाली. आत्याला वाटे, वात बाहेर पडतोय, म्हणून ती आणखी विटा ठेवी. बाहेर निंबावर झोका करकरत होता, मुली गात होत्या, आणि मी प्रेमाखाली भाजून निघत होते. शेवटी मी शेकाला भिऊन नानांना म्हटलं, मला बागेत न्या. केळीच्या बागेत वैशाखातसुद्धा सावली ओली असते. नानांनी पाण्याच्या दंडाच्या कडेला घोंगडं टाकलं. माझे पाय वाहत्या पाण्यात सोडले. पाण्याने हळूहळू मला माझे घोटे परत दिले, मग बोटं. वर पाहिलं तर केळफुलाची पाकळी. डाव्या डोळ्याला किंचित, अगदी किंचित तांबूस.

मला आनंद झाला नाही. मला वाटलं, आज आबा वाचले.

नानांनी सासरी निरोप धाडला आणि मला जळगावच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवायचं ठरवलं. सोनगीरहून हे आले, आणि बरोबर अक्का. त्या आल्या होत्या नाटक कुठवर आलंय ते पाहायला, हे त्यांच्या बसण्यावरूनच कळत होतं. डॉक्टरांनी हातोडीने गुडघे ठोकले, तळव्यावर किल्ली ओढली, डोळे मिटून उभं राहायला सांगितलं आणि पडताना धरलं. मग टेबलावरच्या औषधाच्या बाटलीचं लाल झाकण उचललं. माझा डावा डोळा झाकला. हे कसं दिसतं? लाल. मग उजवा झाकला.

"आणि आता?"

झाकणाच्या मागे, थेट रेषेत, अक्का बसल्या होत्या. झाकण आणि कुंकू, दोन्ही एकदम राखाडी. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं. मी लाल म्हणाले असते तर सुटले असते. पण मी डॉक्टरांना काही सांगितलंच नाही. अक्कांना सांगितलं. सगळं. चूल, धूर, कपाळ, आबांचा खोकला, तूप. रडत नव्हते, बडबडत होते, भीतीने दात वाजत होते त्यातून जे येईल ते बोलत होते. की हा डोळा असं दाखवतो, मी बघत नाही, तोच दाखवतो.

ह्यांनी खाली पाहिलं. नाना पिशवीशी चाळा करू लागले. डॉक्टर हातातलं झाकण विसरले. अक्कांनी एकदा हात कपाळाकडे नेला, कड चाचपली, तो परत मांडीवर ठेवला.

"मंग उजवा डोयानी देख ना, माय," त्या म्हणाल्या.

बस, एवढंच. पण त्या दिवसापासून त्यांनी मला नाटकी म्हटलं नाही.

पुढे मुंबईला मेंदूचे फोटो झाले आणि आजाराला नाव मिळालं, मल्टिपल स्क्लेरोसिस. डॉक्टरांनी समजावलं, नसा म्हणजे वायरी, शरीर चुकून त्यांच्यावरचं वेष्टण कुरतडतं, आणि अंग तापलं की उघड्या वायरीतून निरोप पोचत नाही. म्हणून ऊन, चूल, शेक वर्ज्य. म्हणून थंडीत लाल परत येतं. नाना ऐकत होते. विहिरीवरच्या मोटारीच्या वायरी त्यांनी आयुष्यभर दुरुस्त केलेल्या. "मंग टेप लावा ना, डाक्टरसाहेब," ते म्हणाले, "आमी लावतोच का नाही." डॉक्टर म्हणाले, अजून तशी टेप निघालेली नाही. परदेशात काहीजण माणसाच्याच हाडांतल्या मगजातलं बी काढून परत पेरून पाहतायत, म्हणे. त्याच वर्षी नानांनी प्रयोगशाळेतल्या बाटलीत वाढवलेली केळीची रोपं बिचकत बिचकत लावली होती. घरी येताना ते एसटीच्या खिडकीतून केळीच्या बागा पाहत होते. मग म्हणाले, बाटलीतली केळी आली तर हेही येईल. त्या रोपांचे घड उतरेपर्यंत ते रोज संध्याकाळी त्यांच्याजवळ जाऊन उभे राहत. लोकांना वाटे, पिकाची काळजी.

मी परत सासरी गेले. अक्कांनी माझी खाट माठांच्या शेजारी, घरातल्या सगळ्यात थंड कोपऱ्यात लावली. खिडकीला ओलं गोणपाट टांगलं. चूल माझ्यापुरती बंद. बिबड्यांच्या दिवसांत गल्लीतल्या एकीने टोमणा मारला, की सून माठापाशी आणि सासू चुलीपाशी, चांगला जमाना आला. अक्का घाटा ढवळत राहिल्या. "लोनी शे ती," म्हणाल्या. "ऊनमा ठेवी त पघयी जाई."

आबा त्यानंतर पुष्कळ वर्षं जगले. गेले ते ऐन थंडीत, पहाटेच्या धुक्यात, झोपेत. आदल्या संध्याकाळी मी सवयीने उजवा डोळा झाकून पाहिलं होतं, तर अक्कांच्या कपाळावर कुंकू लालबुंद. माझ्या भविष्य सांगणाऱ्या डोळ्याने ऐन वेळी दगा दिला. इतके उन्हाळे ज्याला भ्याले, तो नुसता एक उन्हाने विझणारा डोळा होता.

हे कळून भीती जायला हवी होती. ती गेली नाही, तिने घर बदललं. आता ती पायांत राहते, लघवीच्या घाईत राहते, यंदाच्या उन्हाने नेलेलं पावसाळ्यात परत येईल का, या प्रश्नात राहते. कारण दर वर्षी सगळं परत येत नाही. आखाजीनंतर रेणू मला त्या चुंबकाच्या खुर्चीत बसवणार आहे. ती म्हणते दुखत नाही, नुसता टकटक आवाज येतो. फरक वाटतो का, असं तिथेही कुणी विचारीलच. या वेळी खरं सांगायचं, असं मी ठरवलंय. आणि मला त्याचीच धास्ती आहे.

अशा वेळी मला आबांचे दिवस झाल्यावरची ती दुपार आठवते. पाहुणे पांगले होते. अक्का माझ्या खाटेशी माठाला टेकून बसल्या होत्या, कपाळ धुतलेलं, मेणाची जागा तेवढी फिकट, गोल. मी त्यांच्याकडे बघायचं टाळत होते. कुठल्या डोळ्याने बघावं तेच कळत नव्हतं. माठातलं पाणी पाझरून खालच्या वाळूत मुरत होतं. त्यांनी ओल्या वाळूवर तळहात दाबला, थंड झालेला तो हात माझ्या पावलांवर ठेवला, आणि चेहरा दगडाचा करून म्हणाल्या, "आते दोन्ही डोयास्ले सारखीच दिसत व्हसू."

मी वर पाहिलं. त्यांचे खांदे हलत होते.